पाच डॉलरांची गोधडी

लेखन म्हटले की ते कागदावरच असायचे, अशी आम्हा मराठीच्या मास्तरांची समजूत! वाङ्मयाच्या इतिहासात आम्ही पोथ्या मोजतो, पुस्तके मोजतो. गोधड्या कोण मोजतो? हा हिशेब किती तोकडा आहे, हे हॅरिएट पॉवर्स या बाईची हकीकत ऐकली म्हणजे कळते.

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात, अथेन्स गावाजवळ, ती १८३७ साली गुलाम म्हणूनच जन्माला आली. कापडाचे आकार कातरून ते दुसऱ्या कापडावर शिवायचे, ही तिची रीत. १८८५-८६ च्या सुमारास तिने एका गोधडीवर अकरा चित्रे उतरविली. आदाम-हव्वा, काइन-हाबेल, याकोबाचे स्वप्न, सारे बायबलातले.

१८८६ साली अथेन्सच्या कापूस-प्रदर्शनात जेनी स्मिथ या चित्रकला-शिक्षिकेने ती पाहिली आणि विकत मागितली. हॅरिएटने साफ नकार दिला. पुढे दिवस फिरले. सुमारे पाच वर्षांनी तिने आपण होऊन दहा डॉलर मागितले. स्मिथबाईंपाशी पाचच होते. नवऱ्याच्या सल्ल्याने तिने तेवढ्यावर गोधडी दिली. पण देताना एकेका चित्राचा अर्थ समजावून सांगितला. पुढेही ती गोधडी पाहायला अनेकदा येत असे. सासरी धाडलेल्या लेकीला भेटायला आईने जावे, तशी!

तिची दुसरी गोधडी पंधरा चित्रांची. तीत १७८० सालचा भरदिवसा पडलेला काळोख आहे, १८३३ ची उल्कावर्षावाची रात्र आहे. दोन्ही घटना तिच्या जन्मापूर्वीच्या! लोकांच्या तोंडी राहिलेला इतिहास तिने टाक्यांनी टिपून ठेवला.

पुष्कळ वर्षे तिला निरक्षर समजत. तिचे १८९६ चे एक पत्र २००९ साली प्रसिद्ध झाले आणि तिला लिहिता-वाचता येत होते, असे दिसून आले. म्हणजे सुई ही लेखणीवाचूनची अडचण नव्हे; ती तिची आवड होती.

१९१० साली ती वारली. आज तिच्या दोनच गोधड्या शिल्लक आहेत. पहिली वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात, दुसरी बोस्टनच्या कलासंग्रहालयात.

स्मिथबाईंनी पैसे कमी दिले खरे. पण चित्रांचे अर्थ लिहून ठेवले, म्हणून आज आपण ती गोधडी वाचू शकतो. वाचकहो, घरातल्या आजीने शिवलेले काही अजून ट्रंकेत असेल, तर या दिवाळीत ते बाहेर काढा आणि तिच्यापाशी बसून विचारा. सांगणारी आहे, तोवरच विचारता येते.