एक एकर ज्वारीला द्या

आमच्या मंगरुळपीर तालुक्यात मृग लागला की कृषी केंद्रापुढे आधी बियाण्यासाठी गर्दी आणि मग तणनाशकासाठी. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी झेपत नाही. दरसाल तेच सोयाबीन, तेच औषध; तरी धुऱ्यापासून आतपर्यंत केना पसरलेला.

वाशीम १९९८ मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधी अकोला जिल्ह्यात असताना इथलं खरीप म्हणजे कापूस आणि ज्वारी. ज्वारीची उंच ताटं सावलीने तण दाबतात, हे कुणालाही दिसतं. दुसरं काम मातीखाली चालतं. ज्वारीचे दाणे ओलसर फडक्यात झाकून ठेवा, मुळं फुटू द्या आणि भिंग धरा. मुळांवरच्या बारीक केसांच्या टोकाला पिवळे, तेलकट थेंब दिसतील. त्यातलं मुख्य रसायन सॉर्गोलिओन. तणाच्या कोवळ्या रोपात ते शिरलं की सूर्यप्रकाशावर अन्न तयार करण्याची क्रिया अडते. अ‍ॅट्राझिन हे विकतचं तणनाशक जिथे घाव घालतं, तिथेच हेही घालतं. बारीक बियांच्या तणांना त्याचा फटका जास्त बसतो.

केन्यासारख्या चिवट तणाचा निकाल ज्वारी एकटी लावेल, असं मी म्हणत नाही. डवरणी लागेलच. शिवाय ज्वारीच्या ताज्या धसकटांवर घाईने गहू पेरला तर तो मार खातो: धसकटं कुजताना नत्र ओढतात आणि त्यांतून उतरणारी रसायनं गव्हालाही सोडत नाहीत. म्हणून मधे अवधी हवा. खरिपात ज्वारी आणि पुढच्या खरिपात सोयाबीन, या फेरपालटात तो आपोआप मिळतो. कडबा मिळतो तो वेगळाच.

मग लोक ज्वारी का पेरत नाहीत? रानडुकरं रात्रीत ताटं लोळवतात, उरलेलं रोही खातात, आणि भावाची खात्री नाही. ही अडचण शेतकऱ्याच्या आळसाची नाही. २०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून साजरं झालं. आमच्या रानात त्यातून कुंपण आलं नाही. सरकारने कुंपणाला अनुदान द्यावं आणि हमीभावाची खरेदी वेळेत सुरू करावी. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने वाशीमच्या काळ्या रानात सोयाबीन-ज्वारी फेरपालटाचे प्लॉट घालावेत आणि तणांची मोजणी शेतकऱ्यांसमोर करावी.

तोवर ज्यांना जमेल त्यांनी यंदा तणाने भरलेला एक एकर ज्वारीला द्यावा, आणि पुढच्या वर्षी त्याच एकरातलं निंदण बाजूच्या रानाशी ताडून पाहावं.