गव्हर्नर जातो, प्रस्ताव राहतो

८ नोव्हेंबर २००५ ला कॅलिफोर्नियात एक विचित्र निवडणूक झाली. राज्यभराच्या मतपत्रिकेवर एकाही उमेदवाराचं नाव नव्हतं. होते ते फक्त आठ प्रस्ताव, क्रमांक ७३ ते ८०. आठच्या आठ पडले. आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी मिळून हरलेला ठरवला तो माणूस, जो त्या दिवशी उभाच नव्हता: गव्हर्नर अर्नोल्ड श्वार्झनेगर. हो, तोच. टर्मिनेटरवाला.

मी तेव्हा दुसरीत होतो आणि अर्नोल्ड मला फक्त हिंदीत डब केलेला माहीत होता. या निवडणुकीबद्दल वाचलं ते इथे बे एरियात राहायला आल्यावर. जे वाचलं त्यात साधारण दोन पक्ष दिसतात. एक म्हणतो, लोक मूर्ख. चांगले प्रस्ताव होते, पण गव्हर्नर आवडत नाही म्हणून सगळे फेकून दिले. दुसरा म्हणतो, लोक शहाणे. माजलेल्या गव्हर्नरला बरोबर धडा शिकवला. मला दोन्ही पटत नाहीत. लोकांनी त्या दिवशी ‘नाही’ म्हटलं ते बरोबरच होतं, पण कारण अर्नोल्ड नव्हे. खरी गोची प्रस्तावाच्या यंत्रणेतच आहे आणि ती अजून दुरुस्त झालेली नाही.

आधी यंत्रणा. १९११ साली हायरम जॉन्सन नावाचा गव्हर्नर होता. राज्याचं विधिमंडळ तेव्हा सदर्न पॅसिफिक रेल्वे कंपनीच्या खिशात होतं असं लोक उघड म्हणत. त्यावर उतारा म्हणून जॉन्सनने लोकांच्या हातात थेट हत्यारं दिली. सह्या गोळा करा आणि तुमचा कायदा थेट मतदानाला टाका. विधिमंडळाने केलेला कायदा नको असेल तर पाडा. निवडून दिलेला माणूस नको झाला तर त्याला मधेच घरी पाठवा. साध्या कायद्यासाठी मागच्या गव्हर्नर निवडणुकीतल्या एकूण मतांच्या ५ टक्के सह्या लागतात, राज्यघटना बदलायची तर ८ टक्के. सुपरमार्केटच्या दारात क्लिपबोर्ड घेऊन उभी असलेली माणसं बघितली असतील, ती ह्याच सह्यांसाठी. त्यातली बरीचशी सहीमागे पैसे मिळणारी असतात, हे कळलं तेव्हा मला जरा वाईट वाटलं होतं.

आपल्याकडे ह्याच्या जवळ जाणारी एकच गोष्ट मला आठवते, ‘आडवी बाटली’. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली की दारूच्या दुकानावर मतदान होतं. पण तिथे बाटली आडवी व्हायला एकूण मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. नुसत्या मतदानाला आलेल्यांची नाही, यादीतल्या सगळ्यांची. कॅलिफोर्नियात मात्र जे आले त्यांच्यातलं साधं बहुमत पुरतं. २००५ ला नोंदणी झालेल्यांपैकी जेमतेम निम्मे आले होते. म्हणजे पाव राज्याच्या मतावर घटना बदलता आली असती. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता अर्नोल्ड. २००३ साली ग्रे डेव्हिस गव्हर्नर होता. वीजटंचाई होऊन गेलेली, तिजोरीत खड्डा, त्यात गाड्यांवरची फी तिप्पट केलेली. लोक इतके वैतागले की सह्या गोळा झाल्या आणि ७ ऑक्टोबर २००३ ला त्याला मधेच काढलं. त्याच मतपत्रिकेवर दुसरा प्रश्न: काढला तर मग कोण? उत्तरासाठी १३५ उमेदवार! त्यातून अर्नोल्ड आला. पहिल्याच दिवशी त्याने गाड्यांची फी पुन्हा खाली आणली. टाळ्या पडल्या, आणि तिजोरीतला खड्डा वर्षाला साधारण ४ अब्ज डॉलरनी आणखी खोल झाला. २००४ मध्ये त्याची लोकप्रियता साठ टक्क्यांच्या वर होती. २००५ च्या शेवटी चाळिशीच्या खाली.

मधे झालं काय? तर त्याने एकाच वर्षात शिक्षक, नर्सेस, पोलीस आणि फायर ब्रिगेड एवढ्या सगळ्यांशी भांडण घेतलं. (हिंदी सिनेमातही हिरो एवढे शत्रू इंटरव्हलनंतर घेतो.) शाळांचे २ अब्ज डॉलर तात्पुरते वापरले आणि परत द्यायचा शब्द मोडला, असा शिक्षक संघटनांचा आरोप. एका नर्समागे किती रुग्ण हा नियम कडक व्हायचा होता, तो त्याने लांबणीवर टाकायचा प्रयत्न केला, तर नर्सेस तो जाईल तिथे निदर्शनांना हजर. पेन्शनचा प्रस्ताव असा ढिसाळ लिहिलेला की कामावर मेलेल्या पोलिसाच्या आणि फायरमनच्या बायकोचे पैसे बुडतील अशी भीती निर्माण झाली. तो त्याने मागे घेतला. पण विधिमंडळ ऐकत नाही म्हणून उरलेले प्रस्ताव घेऊन तो थेट लोकांकडे गेला, आणि त्यासाठी खास निवडणूक लावली.

त्याचे मुख्य प्रस्ताव चार. ७४: शिक्षकाची नोकरी कायम व्हायला दोन वर्षांऐवजी पाच वर्षं. ७५: सरकारी कर्मचाऱ्यांच्या युनियनने वर्गणीतले पैसे राजकारणात वापरण्याआधी प्रत्येकाची दरवर्षी लेखी संमती घ्यायची. ७६: राज्याच्या खर्चावर मर्यादा, आणि उत्पन्न घटलं नि विधिमंडळाने काही केलं नाही तर गव्हर्नरला स्वतः कपात करायचा अधिकार. ७७: मतदारसंघांचे नकाशे आमदारांकडून काढून तीन निवृत्त न्यायाधीशांकडे.

वाद तेव्हा जोरात झाला. समर्थकांचं म्हणणं सोपं होतं: माणूस बघू नका, नियम बघा. ७५ मध्ये वाईट काय? माझे पैसे कुठल्या पक्षाला जातात हे मला विचारायला नको? सुरुवातीच्या चाचण्यांत ७५ पुढे होता, तो ह्याच साध्या प्रश्नावर. मग विरोधकांनी उलट प्रश्न विचारला. कंपन्या राजकारणात पैसे घालताना शेअरहोल्डरांची संमती घेतात का? मग हा नियम एकाच बाजूला का? माझ्या मते त्या सगळ्या मोहिमेतला सगळ्यात धारदार प्रश्न हाच. ७५ शेवटी पडला, पण बाकी तिघांइतका जोरात नाही.

७६ चं मात्र वेगळं. तो घटनादुरुस्ती होता. म्हणजे अर्नोल्ड जाईल, पण कपात करायची कात्री त्या खुर्चीत कायमची राहील. पुढे कोण बसेल कोणाला माहीत? ६२ टक्के लोक नाही म्हणाले. ह्याला मूर्खपणा म्हणणारे लोक स्वतःच्या सोसायटीत तरी चेअरमनला असे कायमचे अधिकार देतील का?

७८ आणि ७९ ची गंमत सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. दोन्ही औषधं स्वस्त करण्याचे प्रस्ताव. ७९ ग्राहक आणि कामगार संघटनांचा: सवलत द्या, नाहीतर सरकारी योजनेतल्या धंद्यावर परिणाम होईल. ७८ खुद्द औषध कंपन्यांचा: सवलत द्यायची की नाही हे आमच्या मर्जीवर. आणि नियम असा की दोन्ही पास झाले तर ज्याला जास्त मतं तो लागू. म्हणजे ७८ चा उद्देश ७९ ला गिळणं हा. कंपन्यांनी ह्यावर सुमारे ८ कोटी डॉलर उडवले. मतदारांनी दोन्ही पाडले. कंपन्यांना हवं तेच झालं म्हणा. समजलं नाही की ‘नाही’, हा मतदाराचा जुना नियम, आणि गोंधळ घालणाऱ्यालाच त्याचा फायदा मिळतो.

आता ७७. माझा मुद्दा इथेच आहे.

२००१ साली दोन्ही पक्षांनी संगनमताने असे नकाशे काढले होते की ज्याची जागा त्याच्याकडेच राहावी. २००४ च्या निवडणुकीत राज्यातल्या विधिमंडळाच्या आणि काँग्रेसच्या मिळून १५३ जागा होत्या. एकही जागा एका पक्षाकडून दुसऱ्याकडे गेली नाही. एकही! म्हणजे रोग खरा होता. तरी २००५ ला साठ टक्के लोकांनी ७७ पाडला. कारण दशकाच्या मधेच, घाईघाईत, भांडणाच्या भरात, आणि तेही त्याच गव्हर्नरच्या हातून औषध घ्यायचं होतं. २००८ ला प्रॉप ११ आला. ह्यात न्यायाधीशांऐवजी १४ नागरिकांचं कमिशन: ५ डेमोक्रॅट, ५ रिपब्लिकन, ४ बाकीचे. सुरुवात २०१० च्या जनगणनेनंतर, आणि फक्त राज्याच्या विधिमंडळापुरती. अर्नोल्ड ह्यालाही पाठिंबा देत होता, पण ही त्याची लढाई म्हणून लढली गेली नाही. जेमतेम ५१ टक्क्यांनी पास. २०१० ला काँग्रेसचे नकाशेही कमिशनकडे गेले, ह्या वेळी आरामात.

आणि मग २०२५. टेक्सासने दशकाच्या मधेच काँग्रेसचे नकाशे बदलले, रिपब्लिकनांच्या सोयीने. उत्तर म्हणून गव्हर्नर गॅव्हिन न्यूसमने प्रॉप ५० आणला: कमिशनचे काँग्रेसचे नकाशे बाजूला ठेवा आणि डेमोक्रॅटांच्या सोयीचे वापरा. त्या वर्षीच्या दिवाळीत सॅन होजेला एका मित्राकडे फराळाला आम्ही दहा-बारा मराठी टाळकी जमलो होतो. मत दोघांनाच होतं, मतं मात्र सगळ्यांना. सिटिझन झालेला एक दादा म्हणाला, “कमिशन चांगलंच आहे रे, पण समोरचा पत्ते लपवून खेळतोय आणि आपण उघडे टाकायचे?” त्याच्या बायकोचं मत: “मग उद्या हे परत कमिशन आणतील ह्याची गॅरंटी काय?” चकली हातात धरून दोघे अर्धा तास भांडले. अर्नोल्ड ह्या वेळी कमिशनच्या बाजूने, म्हणजे प्रॉप ५० च्या विरोधात होता. ४ नोव्हेंबर २०२५ ला सुमारे ६४ टक्क्यांनी प्रॉप ५० पास झाला.

म्हणजे वीस वर्षांत एकाच प्रश्नाला नाही, हो, आणि ‘तूर्तास नको’. लोक धरसोड करतात असं मी म्हणणार नाही. प्रत्येक वेळी त्यांनी कोण विचारतंय आणि आत्ता का विचारतंय हे बघितलं. शंभर पानांचं मतदार पुस्तिकेचं बाड पुढ्यात असताना दुसरं करणार तरी काय? नोकरीवाला माणूस रात्री जेवणानंतर ते उघडतो, दोन पानांत पेंगतो, आणि कुठल्या बाजूला कोण उभं आहे ते बघून ठरवतो. ह्यात मला काही गैर दिसत नाही.

गैर आहे ते पुढे. निर्णय त्या घडीचा, पण कायदा कायमचा. कॅलिफोर्नियात लोकांनी पास केलेला कायदा विधिमंडळाला परस्पर बदलता येत नाही, प्रस्तावातच तशी सोय नसेल तर पुन्हा लोकांकडेच जावं लागतं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ह्याला हार्डकोड करणं म्हणतो, आणि तसं करणाऱ्याला कोड रिव्ह्यूमध्ये सोलून काढतो.

ह्याचं सगळ्यात मोठं उदाहरण प्रॉप १३. १९७८ साली घरांच्या किमती आणि टॅक्स भडकले होते, म्हाताऱ्या लोकांना घरं विकावी लागतील अशी अवस्था. राग रास्त होता. उपाय: प्रॉपर्टी टॅक्स घराच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्का, ही किंमत म्हणजे घर घेतलं तेव्हाची, आणि ती वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढणार. शिवाय राज्याने कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन तृतीयांश मतं. परिणाम बघा. समजा एकाने १९८० ला १ लाख डॉलरला घर घेतलं. २ टक्के वाढ धरली तरी २०२५ ला त्याची कागदावरची किंमत अडीच लाखांच्या आत, टॅक्स साधारण २,४०० डॉलर. शेजारचं तसलंच घर तुम्ही २० लाखांना घेतलंत तर टॅक्स २०,००० डॉलर. एकच रस्ता, एकच शाळा, एकच कचऱ्याची गाडी. आणि सवलत फक्त आजीबाईंना नाही, कंपन्यांच्या ऑफिसांनाही. मोठ्या व्यापारी मालमत्ता तरी ह्यातून वगळा म्हणून २०२० ला प्रॉप १५ आला, तोही पडला.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की लोकांनी केलेल्या प्रत्येक कायद्यावर एक्सपायरी डेट छापा. दुधाच्या पिशवीवर असते तशी. वीस वर्षं म्हणा, पंचवीस म्हणा. मुदत संपली की तोच कायदा आपोआप पुन्हा मतपत्रिकेवर, सह्यांच्या खटाटोपाशिवाय. प्रॉप ५० मला तत्त्व म्हणून आवडला नाही, पण त्यात ही एक गोष्ट नीट आहे: ते नकाशे २०२६, २०२८ आणि २०३० पुरते, मग २०३० च्या जनगणनेनंतर काम परत कमिशनकडे. त्या दादाच्या बायकोला हवी होती ती गॅरंटी मजकुरातच लिहिलेली आहे. ७६ ला अशी दहा वर्षांची मुदत असती, तर अर्नोल्डला निदान म्हणता आलं असतं की माझी कात्री वाटत असेल तर पुढे काढून घ्या.

ह्यावर आक्षेप येणार, माहीत आहे. पहिला: मग दर वीस वर्षांनी पैसेवाले पुन्हा येतील. ते आत्ताही येतात. २०२० ला ॲपवर टॅक्सी चालवणाऱ्या कंपन्यांनी ड्रायव्हरांना कर्मचारी मानायचं नाही यासाठी प्रॉप २२ वर २० कोटी डॉलरहून जास्त ओतले आणि जिंकले. विधिमंडळाला त्यात फेरफार करायचा तर आठपैकी सात मतं लागतात, अशी अटही त्यातच घालून ठेवली. फुकटात कायमचं मिळत असेल तर पैसेवाल्यांना ते जास्त परवडतं. दुसरा आक्षेप जड आहे: शाळांना किमान निधीची हमी देणारा १९८८ चा प्रॉप ९८ अशाने धोक्यात येईल. येईल खरा. पण ज्या कायद्याचे फायदे वीस वर्षं लोकांनी बघितलेत, तो त्यांच्यापुढे ठेवायला एवढं घाबरायचं कशाला?

अर्नोल्ड जानेवारी २००६ मध्ये जाहीरपणे नमला, रस्ते-शाळा-बंधाऱ्यांच्या कर्जरोख्यांसाठी विधिमंडळाशी जुळवून घेतलं, ते प्रस्ताव पास झाले, आणि त्याच नोव्हेंबरात तो पुन्हा निवडून आला. म्हणजे लोकांचा त्याच्यावरचा राग एका वर्षात उतरला. २००५ ला तो गाजावाजाच्या लाटेत चारही प्रस्ताव जिंकला असता, तर ते मात्र आजही तसेच असते. तिकडे १९७८ च्या रागाची बिलं अजून फाटताहेत. प्रॉप १३ पुन्हा मतदानाला टाकला तर लोक बहुधा पुन्हा ‘हो’ म्हणतील, घरवाले मतदानाला जास्त येतात. म्हणू देत. निदान १९७८ ला जे जन्मलेही नव्हते आणि आज २०,००० चा चेक फाडतात, त्यांना एकदा विचारलं तरी जाईल.