कॅन्सरची गाठ लहान, तरी ऑपरेशन जोखमीचं का?

फुफ्फुसाचा कॅन्सर लवकर सापडला, तर गाठ कापून काढणं हा सहसा पहिला उपाय. पण फुफ्फुस आधीच फायब्रोसिसने कडक झालेलं असेल तर? जपानमध्ये अशा १,७६३ रुग्णांचा अभ्यास झाला (२०१४). ऑपरेशननंतर ९.३ टक्के जणांचा फुफ्फुसाचा जुना आजार अचानक बळावला. त्यातले जवळपास ४४ टक्के दगावले. कमी भाग कापला तर धोका घटतो, पण कॅन्सर उलटण्याची भीती वाढते. रेडिएशनही निर्धोक नाही.

शहागडहून संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाणाऱ्यांनी जुने सीटी स्कॅन सोबत न्यावेत. आपल्याकडे फायब्रोसिसवर अनेकदा टीबीची औषधं दिली जातात. त्यामुळे फाइलवर ‘जुना टीबी’ असेल, तर तो खरंच टीबीच होता का, हे ऑपरेशनआधी विचाराच.