उत्तरातले किती अंक खरे?

एव्हरेस्टची उंची १८५६ साली जाहीर झाली ती २९,००२ फूट. भारतीय सर्वेक्षण खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून सरासरी नेमकी २९,००० आली होती, पण तो आकडा अंदाजाने ठोकून दिल्यासारखा वाटेल म्हणून खात्याचे प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी त्यावर दोन फूट चढवले, अशी कथा सांगतात. कथा खरी असो वा नसो, तिच्यातली अडचण खरी आहे. नुसते २९,००० लिहिले तर शेवटची शून्ये मोजून आलेली आहेत की जागा भरायला बसवलेली, हे वाचणाऱ्याला कळत नाही. घातांकाच्या मांडणीने हा प्रश्न सोडवला. २.९ गुणिले दहाचा चौथा घात असे लिहिले तर दोनच अंकांची खात्री आहे, २.९००० गुणिले दहाचा चौथा घात लिहिले तर पाचही अंकांची. या खात्रीच्या अंकांना सार्थ अंक म्हणतात. अकरावीच्या भौतिकशास्त्रात ते सुरुवातीलाच शिकवले जातात, आणि संगणकासमोर बसताच विसरले जातात. ही विस्मृती किरकोळ नाही, असे माझे ठाम मत आहे.

कारण संगणकाला सार्थ अंक कळतच नाहीत. व्हर्नियर कॅलिपरने सळीचा व्यास १.२० सेंटिमीटर मोजला आणि पायथनमधल्या चार ओळींच्या प्रोग्रामला दिला, तर तो छापताना १.२ छापतो. शतांश सेंटिमीटरपर्यंत मोजले होते याचा पुरावा ते शून्य होते, आणि तेच गेले. त्याच व्यासावरून काटछेदाचे क्षेत्रफळ काढा: १.१३०९७३३५५ आणि पुढे आणखी अंकांची रांग. मोजमाप तीन अंकांचे, उत्तर मात्र सोळा-सतरा अंकांचे. म्हणजे अर्थ असलेले शून्य गळते आणि अर्थ नसलेले अंक उगवतात. यात यंत्राचा दोष नाही. त्याच्या लेखी १.२ आणि १.२० ही एकच संख्या आहे आणि गणिताच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. मापन किती बारीक होते, ही माहिती संख्येबाहेरची आहे. ती जपायची तर प्रोग्राम लिहिणाऱ्यानेच जपावी लागते.

‘मग पायरीपायरीला दोन-तीन दशांशांवर छाटत जावे’ हा सुचणारा पहिला उपाय, आणि तो घातक आहे. व्हँकुव्हर शेअर बाजाराचा निर्देशांक जानेवारी १९८२ मध्ये १००० वर सुरू झाला. दिवसातून हजारो वेळा तो नव्याने काढला जाई आणि दर वेळी तिसऱ्या दशांशापुढचे अंक नुसते कापून टाकले जात. नोव्हेंबर १९८३ पर्यंत तो ५२० च्या आसपास घसरला होता. आकडेमोड दुरुस्त केल्यावर तो १०९८ च्या वर निघाला. आकडेमोड चालू असताना सगळे अंक जवळ ठेवायचे आणि छाटणी फक्त शेवटी, उत्तर दाखवताना करायची. अर्थात दाखवतानाही निकालाची रेषा कुठे आहे याचे भान लागते. जर्मनीतल्या श्लेस्विग-होलस्टाइन प्रांतात १९९२ च्या निवडणुकीत ग्रीन पक्षाला ४.९७ टक्के मते होती. विधानसभेत प्रवेशासाठी पाच टक्के हवे होते. संगणकाने एका दशांशापर्यंत पूर्णांकन करून ५.० छापले आणि पक्ष आत गेला असे जाहीर झाले. चूक उघड झाल्यावर जागांचे गणितच फिरले.

घातांकाच्या मांडणीचा उलटा फटकाही आहे. जीवशास्त्राच्या माहितीसाठ्यात २३१०००९ई१३ अशा धर्तीचे ओळखक्रमांक असतात. एक्सेल त्यातल्या ‘ई’ला घाताची खूण समजते आणि क्रमांकाची प्रचंड मोठी संख्या करून टाकते, संशोधकांनी २००४ सालीच हे नोंदवले होते. आपल्याकडे बारा अंकी आधार क्रमांक साध्या रकान्यात भरला तर तो ई+११ अशा रूपात दिसू लागतो, आणि तशीच शीट सीएसव्ही म्हणून जतन केली तर पुढचे अंक कायमचे जातात. सोळा अंकी खाते क्रमांकाचा शेवटचा अंक तर शून्यच होतो, कारण एक्सेल पंधराच सार्थ अंक धरते. ज्याची बेरीज-वजाबाकी कधी करायची नाही तो क्रमांक संख्या नव्हेच, तो मजकूर म्हणूनच भरला पाहिजे.

‘जास्त अंक दिले तर बिघडले काय, वाचणारा हवे तेवढे घेईल,’ असे म्हटले जाते. पण किती घ्यायचे हे त्याने ठरवायचे कशावरून? मूळ उपकरण त्याने पाहिलेले नसते. जर्मन वैद्य वुंडरलिश यांनी एकोणिसाव्या शतकात शरीराचे सामान्य तापमान ३७ अंश सेल्सियस सांगितले. त्याचे फॅरनहाइटमध्ये ९८.६ झाले आणि त्या दशांशाने एका ढोबळ सरासरीला काटेकोर सीमेचे रूप दिले. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सार्थ अंकांचे नियमच ढोबळ आहेत. ९९ मध्ये दोन सार्थ अंक, १०१ मध्ये तीन, वस्तुतः दोन्ही मापनांची सापेक्ष अचूकता जवळपास सारखीच. हे मला मान्य आहे. गंभीर संशोधनात उत्तरासोबत त्रुटीची मर्यादा लिहावी, तेच योग्य. मात्र ती मर्यादा लिहिण्याची सवय जिथे नाही, तिथे सार्थ अंकही सोडून दिले तर वाचणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही.

सोय करून देणारी साधने आहेत, पण ती अर्धवट. पायथनचा डेसिमल हा प्रकार १.२० मधले शून्य जपतो; मात्र १.२० ला १.३० ने गुणले की १.५६०० देतो, तीन सार्थ अंकांचे १.५६ नव्हे. म्हणून निर्णय माणसाकडेच राहतो, आणि तो घ्यायला शिकवण्याची जागा प्रयोगशाळा आहे. विद्यार्थी आता प्रयोगाची आकडेमोड संगणकावर करतात. जर्नल तपासताना शिक्षकांनी उत्तराशेजारी दोन गोष्टी मागाव्यात: उपकरणाचे लघुतम माप, आणि उत्तर इतक्याच अंकांत का दिले याची एक ओळ. ती ओळ नसेल तर गुण कापावेत, जसे एकक लिहिले नाही तर कापतात.