वही एक, खाती दोन

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपते आणि झोपेपर्यंत दोन-तीन तास उरतात. वडील अद्याप दुकानात, आई आवराआवरीत, आजी सामायिकात. अशा वेळी तीन-चार वर्षांच्या बाळाच्या हाती मोबाइल दिला जातो. मूल एका जागी शांत बसते, म्हणून ही सोय घरोघरी रूढ झाली आहे. तिची किंमत मात्र मुलाचे शरीर मोजते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. तीन-चार वर्षांच्या मुलाने दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल करावी, त्यांपैकी किमान ६० मिनिटे दम लागेल अशी असावी आणि बसून पडदा पाहणे एका तासाहून अधिक नसावे, असे त्या सांगतात. यातील ‘बसून’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पडद्यासमोर ज्या खेळात अंग हलवावे लागते, त्याचा वेळ या मर्यादेत धरलेला नाही.

व्यापारी कुटुंबांना हे सहज उमजेल. रक्कम तीच, ती जमेस धरायची की नावे टाकायची, हे व्यवहाराच्या स्वरूपावर ठरते. २०१६ मध्ये आलेले ‘बेबी शार्क’ हे नृत्यगीत जगभरातील मुलांना पाठ आहे. ते जेमतेम सव्वादोन मिनिटांचे. मांडी घालून पाहिले तर ती मिनिटे बैठकीच्या खात्यात नावे पडतात. हात-पाय हलवत पाहिले तर हालचालीच्या खात्यात जमा होतात. अशी चार-पाच गीते म्हणजे दहा मिनिटांचा व्यायाम, तोही हसतखेळत.

यासाठी काही पथ्ये पाळावीत. चित्रफीत शक्यतो टीव्हीवर लावावी. हातात मोबाइल असला की मान खाली जाते आणि पाय थांबतात. गीते आधीच निवडावीत व पुढची चित्रफीत आपोआप सुरू होण्याची सोय बंद ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे घरातील एका मोठ्या माणसाने सोबत नाचावे. मूल पडद्यापेक्षा आजोबांचे अनुकरण अधिक आनंदाने करते. दोन-चार दिवसांत गीत पाठ झाले की पडदा बंद करून नुसता आवाज ठेवावा.

वेळेचेही भान हवे. धावपळीचे नृत्य सायंभोजनाच्या बरेच आधी व्हावे, म्हणजे पाणी पिण्यास अवकाश राहतो. ज्या घरी लहानगेही कौतुकाने चौविहार करतात, तेथे ही दक्षता अधिक आवश्यक आहे. रात्री पडदा नकोच. पाठशाळेत शिकलेले एखादे स्तवन हावभावांसह म्हणावे. मंदिरातील भावनेत मुले किती तल्लीन होऊन नाचतात, हे आपण पाहतोच. उड्या मारण्यापूर्वी जमीन निरखून घेण्याची सवय लावली, तर यतनेचा पहिला पाठही तेथेच मिळेल.

दुकानाचा हिशेब चुकला तर पुढील वर्षी तो सावरता येतो. बालपणाची वही दुसऱ्यांदा उघडत नाही. आज सायंकाळी दहा मिनिटे मुलांच्या खाती जमा करावीत, आणि ती स्वतः उभे राहून करावीत, एवढीच विनंती.

जय जिनेंद्र.