आणि इतर

डिसेंबर महिना आला की 'कॅप्टन मुल्ला आणि इतर नौसैनिकांना श्रद्धांजली' अशा धर्तीचं वाक्य कुठे ना कुठे वाचायला मिळतंच. दरवर्षी ते वाचून माझं डोकं उठतं. घरातले म्हणतात, बाई निवृत्त झाल्या पण त्यांची लाल शाई काही निवृत्त झाली नाही. नसेल! पण या 'आणि इतर'शी मला आज जाहीर भांडण काढायचं आहे.

आधी हे 'इतर' कोण ते सांगते. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात आपली 'खुकरी' ही युद्धनौका पाकिस्तानच्या 'हंगोर' या पाणबुडीच्या टॉर्पेडोने बुडाली. काही मिनिटांचाच खेळ. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. एकूण १९४. त्यातले एक कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला. जहाज सोडायचा हुकूम देऊन, माणसांना बाहेर काढायची धडपड करून ते स्वतः जहाजाबरोबर गेले. मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. त्यांच्यापुढे हात आपोआप जोडले जातात. पण मग राहिलेले १९३? त्यांत इंजिनखोलीत राबणारे होते, स्वयंपाकघरात पोळ्या लाटणारेही असतील. त्यांचं एकेकाचं नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

यावर ठरलेलं उत्तर असं की कप्तान सगळ्यांचा प्रतिनिधी असतो, त्याचं नाव घेतलं की सगळ्यांचं आलं. मला हे पटत नाही. आपल्या माणसांना टाकून जाणं ज्यांना जमलं नाही, त्यांच्याच नावाखाली त्या माणसांना झाकून टाकायचं, यात मुल्लांचा तरी कसला मान? वर्गात हजेरी घेताना पहिल्या नंबराच्या मुलाचं नाव घेऊन 'आणि इतर ४७' असं म्हणून मी वही मिटली असती, तर उरलेल्या मुलांना काय वाटलं असतं?

आणि समुद्रात गेलेल्याची गोष्टच वेगळी आहे. जमिनीवर पडलेल्या सैनिकाला निदान चिता किंवा कबर मिळते. बुडालेल्याच्या घरी तेव्हा यायची ती फक्त तार. अस्थी नाहीत, जागा नाही, डोकं टेकायला दगड नाही. त्याच्या नावाची पाटी हीच त्याची समाधी. समाधीवर कुणी 'इतर' असं कोरतं का?

नावं फार, दगड लहान, असंही म्हणतात. लंडनला टॉवर हिलवर व्यापारी जहाजांवरच्या बेपत्ता खलाशांचं स्मारक आहे. दोन्ही महायुद्धांची मिळून तिथे सुमारे ३६,००० नावं आहेत, जहाजावार लावलेली. म्हणजे करायचं म्हटलं की होतं! पण त्याच ब्रिटिश जहाजांच्या पोटात कोळसा ओढणाऱ्या हिंदी खलाशांची नावं तिथे शोधू नका. एकाच जहाजावर, एकाच रात्री बुडालेले गोरे तिथे आणि आपले लोक इकडे मुंबईत. मशीद बंदरजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या २,००० हून अधिक खलाशांचं स्मारक आहे. दुसऱ्या महायुद्धातली जवळजवळ साडेसहा हजार नावं नोंदवहीत आहेत, एक प्रत मुंबईला आणि एक चितगावला. मशीद बंदरच्या गर्दीतून रोज हजारो माणसं हातगाड्या चुकवत जातात. त्यांतल्या कितीजणांना याचा पत्ता असेल? साहेबाने माणसं वेगळी काढली, हे खरंच. पण १९४७ नंतर ती नावं उजेडात आणायला आपला हात कुणी धरला होता?

'ते इंग्रजांचं युद्ध होतं, त्यांचं कौतुक आपण कशाला करायचं?' हाही एक प्रश्न येतो. अहो, कौतुक कोण मागतंय? रत्नागिरीकडचा मुलगा आरमारात किंवा बोटीवर गेला तो पोटासाठी, मनीऑर्डरीसाठी. युद्ध त्याला विचारून पुकारलं नव्हतं. त्याचं नाव वाचल्याने इंग्रजांचा जयजयकार होत नाही. एक माणूस होता आणि तो घरी परत आला नाही, एवढंच त्यातून कळतं.

आपल्या काही खेड्यांत पहिल्या महायुद्धाच्या जुन्या पाट्या आहेत. या गावातून इतके गेले, इतके मेले, असं त्यांवर कोरलेलं असतं. नुसता आकडा. गावाला तेव्हा ती नावं पाठ असतील, पण आज ती सांगणारं कुणी उरलेलं नाही आणि आकड्यावरून माणूस शोधता येत नाही. 'खुकरी'चं तसं होऊ द्यायचं नसेल, तर १९४ नावं मोठ्याने वाचली पाहिजेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ९ डिसेंबरला किनाऱ्यावरच्या शाळांमधून परिपाठाच्या वेळी सगळी १९४ नावं वाचा. एका नावाला चार सेकंद धरले तरी तेरा मिनिटं होतात. पाहुण्यांचा सत्कार याहून जास्त वेळ चालतो. आणि रत्नागिरीला बंदरावर, जिथे कुणालाही परवानगीशिवाय जाता येईल अशा जागी, दोन्ही महायुद्धांत बुडालेल्या त्या जिल्ह्याच्या खलाशांची पाटी लावा. हिंदू, मुसलमान सगळे एकत्र, हुद्दा न बघता, आणि देवनागरीत. पणतवंडाला आपल्या पणजोबांच्या नावावरून बोट फिरवता आलं पाहिजे.

उद्घाटन करणाऱ्या मंत्र्यांचं नाव मात्र त्या पाटीवर नको. ते खुशाल 'आणि इतर'मध्ये घाला.