लाकडाला लाकडाचं भरण

दिवाळीआधी रंगकाम निघालं की रंगारी एकाच घमेल्यात पांढरी पुट्टी कालवतो आणि भिंतीतली भोकं, दाराची चौकट, खिडकीची पट्टी, सगळं त्याच पात्यानं बुजवून टाकतो. भिंतीपुरतं ते ठीक आहे. व्हाइट सिमेंटची पुट्टी प्लास्टरला घट्ट धरते. फक्त ड्रिलच्या भोकातली धूळ आधी ब्रशनं काढा आणि आत पाण्याचा हात फिरवा, नाहीतर कोरडं प्लास्टर पुट्टीतलं पाणी शोषून घेतं आणि भरलेला गोळा सुटा होतो. प्लास्टर ऑफ पॅरिस पटकन सुकतं, पण ओल येणाऱ्या भिंतीत ते वापरूच नये. लाकडाचं मात्र निराळं. पावसाळ्यात दार फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, ही हालचाल सिमेंटला सोसत नाही. एकदोन पावसाळ्यांत भरणाच्या कडेनं केसाएवढी चीर दिसू लागते. तिथे ऑइल पेंट द्यायचा असेल तर खडूची भुकटी अळशीच्या तेलात मळून केलेली जुनी लांबी किंवा तयार वुड फिलर घ्यावा, आणि खोल भोक दोन थरांत भरावं. पॉलिश करायचं असेल तर त्याच लाकडाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवतात. गोंद बेताचाच हवा, कारण सुकलेला गोंद पॉलिश पीत नाही आणि डाग उठून दिसतो. बिजागरीचा स्क्रू सैल झाला असेल तर यातलं काहीच टिकत नाही. भोकात गोंद लावलेली लाकडी खुंटी ठोका आणि स्क्रू नव्यानं पिळा. रंगाचा ठेका देतानाच लाकडासाठी वेगळं भरण ठरवून घ्या.